दोतोर्न आणि पुराण

'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक प्रसंग येतो. गोव्यातल्या साष्टी प्रांतातले चर्च, रविवारची दुपार. प्रार्थना आटोपली आहे आणि पाद्री मुलांना धर्माचे पाठ देत आहेत. ऐकणाऱ्यांत नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण आहे. तो मध्येच विचारतो की, तुम्ही रोज हे शिकवता ते चांगलेच आहे. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढचे सगळे काव्य उलगडते. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू, मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या.

हे काव्य रचणारे फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडमधल्या विल्टशरचे. १५७९ मध्ये ते गोव्यात आले, पुढचे जवळजवळ सारे आयुष्य साष्टीत राहिले आणि १६१९ मध्ये वारले. 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापले गेले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा भाषेच्या गोडव्यासाठी किंवा एका परदेशी माणसाच्या मराठी प्रेमाचे उदाहरण म्हणून होतो. माझे कुतूहल जरा वेगळे आहे. मी म्हैसूरला राहते, कन्नड आणि मराठी यांच्यामध्ये अनुवाद करते. या शहरातल्या कॅथलिक शाळांमध्ये धर्मशिक्षणाचे काय करायचे, कोणाला काय शिकवायचे आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याचा माग काढताना मला 'क्रिस्तपुराणा'तला हा रविवार एका शैक्षणिक योजनेचा आरंभ वाटू लागला. ब्राह्मणाच्या तोंडी घातलेला प्रश्न अभ्यासक्रमाबद्दलचा आहे.

त्या मुलांना त्या दुपारी काय शिकवले जात होते, ते आधी पाहायला हवे. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले तेव्हा रस्त्यातून घंटा वाजवत फिरायचे आणि मागे जमलेल्या मुलांना चर्चमध्ये नेऊन प्रार्थना, दहा आज्ञा, श्रद्धासूत्र पाठ करून घ्यायचे. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला आणि पुढच्याच वर्षी झेवियर यांची छोटी प्रश्नोत्तरी छापून निघाली. पोर्तुगीजांत तिला 'दौत्रिना' म्हणत. कोकणीत त्याचे 'दोतोर्न' झाले आणि आजही गोव्यात, मंगळूरकडे हाच शब्द आहे. तमिळ कॅथलिक तिला 'ज्ञानोपदेशम' म्हणतात, वसईकडे सरळ 'धर्मशिक्षण'. प्रकार मात्र एकच. गुरू विचारतो, शिष्य उत्तर देतो आणि दोन्ही आधीपासून लिहून ठेवलेले असते.

स्टीफन्स यांनी स्वतः अशी एक दोतोर्न कोकणीत तयार केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये छापली गेली. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते १६४० मध्ये छापले गेले. म्हणजे एकाच माणसाने एकाच समाजासाठी दोन पुस्तके केली, पण भाषा दोन वापरल्या. मुलांनी पाठ करायची प्रश्नोत्तरी घरातल्या बोलीत, कोकणीत. सगळ्यांनी ऐकायचे पुराण मराठीत, कोकणीचे शब्द मिसळलेल्या मराठीत. यामागे विचार होता. साष्टीतल्या लोकांनी धर्माच्या कथा ऐकल्या होत्या त्या मराठीत. पुराण म्हटले की कानाला ओवी अपेक्षित असायची, श्रोत्यांनी शंका विचारायची, निरूपणकाराने दृष्टांत द्यायचे, हे सगळे ठरलेले होते. स्टीफन्स यांनी ती चौकट उचलली. मूळ पोर्तुगीज शीर्षकात त्यांनी ग्रंथाला ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचे निरूपण म्हटले आहे. आत शिरल्यावर मात्र आपण पुराणश्रवणाला बसलो आहोत असेच वाटते. मधूनमधून श्रोते अडवतात, शंका काढतात आणि कथा पुढे सरकते.

अनुवादक म्हणून मला त्यांचे शब्द थांबवतात. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. पवित्र आत्म्यासाठी मात्र पोर्तुगीज-लॅटिन शब्दच ठेवतात. कोणता शब्द श्रोत्यांच्या घरातला घ्यायचा आणि कोणता परका राहू द्यायचा, हे त्यांनी एकेका संज्ञेपाशी ठरवले असणार. लंडनच्या मार्सडन संग्रहात या ग्रंथाचे एक देवनागरी हस्तलिखित आहे. छापील रोमन प्रतींत जिथे पोर्तुगीज शब्द आहेत तिथे त्यात अनेकदा संस्कृत शब्द येतात. ग्रंथ एकच, पण मुलाच्या कानावर काय पडावे याची दोन वेगळी धोरणे त्यात दिसतात. लिपीबद्दलही स्टीफन्स यांचा विचार पक्का होता. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या संस्थेच्या प्रमुखांना लिहून इथल्या लिपीत छपाई करण्याची परवानगी मागितली. अक्षरे सहाशेच्या घरात जातात, पण खिळे दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही दिला. ते घडले नाही. पुराण रोमन लिपीतच छापले गेले आणि ज्यांच्या परंपरेतून ते आले, त्या मराठी वाचकांच्या डोळ्यांना तीनशेहून अधिक वर्षे दिसलेच नाही. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात छापली गेली ती १९५६ मध्ये.

इथवर ही गोष्ट एका कल्पक शिक्षकाची वाटते. पण त्या ब्राह्मणाच्या प्रश्नातला अर्धा भाग निसटू देऊन चालणार नाही. तो म्हणतो की आमची पुराणे बंद झाली. ती कोणी बंद केली? साष्टीतली देवळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाडली गेली, धर्मग्रंथ बाळगण्यावर बंदी आली, हिंदू विधींवर निर्बंध आले. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले आणि त्याचा सूडही घेतला गेला. जप्त झालेल्या पोथ्यांचे काय व्हायचे याचा एक पुरावा पोर्तुगालच्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात आहे. रामायण-महाभारताच्या कथा, कोकणी गद्यात आणि मराठी पद्यात, जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या. ज्या कथा विद्यार्थ्यांना नाकारल्या त्या शिक्षक स्वतः अभ्यासत होते. स्टीफन्स यांना पुराणाचा घाट इतका नेमका साधला, त्यामागे असा अभ्यास असणार. 'क्रिस्तपुराणा'चे मोठेपण मान्य करतानाही ते एका रिकाम्या केलेल्या जागेवर उभे आहे, हे सांगायलाच हवे. मला त्याचे मोल वाटते ते अशासाठी की ती जागा रिकामी केल्याची तक्रार त्याने स्वतःच्या पहिल्या पानांत नोंदवून ठेवली. दोतोर्नमध्ये अशा प्रश्नाला जागाच नव्हती.

पुढे सत्तेला हे दोन्ही मार्ग नकोसे झाले. २७ जून १६८४ च्या फर्मानाने विजरई कोंद द अल्व्होर यांनी स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलायचा हुकूम काढला. पाद्री आणि शाळामास्तर यांनी मुलांना पोर्तुगीजमधून शिकवायचे होते. राचोलच्या छापखान्याने जे उभे केले होते त्याला राजाश्रय उरला नाही. हुकूम काढल्याने भाषा मेली नाही, पण शाळेतून ती उठली.

साष्टीपासून म्हैसूरपर्यंतचा रस्ता याच काळात तयार होत होता. म्हैसूर राज्यात जेझुइटांचे काम सतराव्या शतकाच्या मध्याला लिओनार्दो चिन्नामी या इटालियन पाद्रींनी सुरू केले, आणि ही 'म्हैसूर मिशन' गोवा प्रांताच्या अखत्यारीत होती. चिन्नामी श्रीरंगपट्टणला आले, संन्याशाच्या वेषात राहिले आणि कन्नडमध्ये त्यांनी व्याकरण आणि प्रश्नोत्तरी रचली. म्हणजे साष्टीत कोकणीचे झाले तेच इथे कन्नडचे. आधी भाषा शिकायची, तिचे नियम बांधायचे आणि मग त्या भाषेत मुलांना उत्तरे पाठ करायला द्यायची.

दुसरा रस्ता लोकांच्या पायांनी तुडवलेला आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकात गोव्यातली हजारो ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे कानड्यात, मंगळूरच्या परिसरात सरकली. त्यांनी 'क्रिस्तपुराणा'च्या प्रती बरोबर नेल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने या ख्रिस्ती लोकांना पकडून घाट चढवून श्रीरंगपट्टणला आणले. त्यांची संख्या किती होती, कारणे काय होती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही, आणि आजच्या कर्नाटकात टिपूचे नाव काढले की दोन्ही बाजूंचा आवाज चढतो. मला त्या वादात शिरायचे नाही. माझ्या विषयापुरते महत्त्वाचे हे की १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, या लोकांना चर्च नव्हते, शाळा नव्हती, नियमित पाद्री नव्हते. मंगळूरकडची परंपरा सांगते की या बंदिवासात 'क्रिस्तपुराण' त्यांच्या सोबतीला होते. घरी कोकणी बोलणारी, कन्नड मुलखात कैदेत असलेली माणसे मराठी ओव्यांतून आपला धर्म आठवत होती. धर्मशिक्षणाची योजना करणारे कोणीच हजर नसताना काय टिकते, याची यापेक्षा कठीण परीक्षा सुचत नाही. जे गाता येते आणि जे आईला मुलाला सांगता येते, ते टिकले असणार. पुढे १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी 'क्रिस्तपुराण' पुन्हा छापले, ते अशाच घरांनी जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे. पहिल्या तीन मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. आपल्याला हा ग्रंथ मिळाला तो वाचकांनी नकला करून ठेवला म्हणून.

१७९९ नंतर श्रीरंगपट्टणला आले आबे द्युब्वा. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत भारतात पोहोचलेले हे पाद्री इथल्या हिंदूंच्या चालीरीतींवर लिहिलेल्या पुस्तकामुळे जगाला माहीत आहेत. म्हैसूरकडे त्यांची आठवण आणखी दोन कारणांनी निघते. विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी पुन्हा एकत्र केले, आणि देवीची लस इथे रुजवायला मदत केली. श्रीरंगपट्टणच्या गंजाम भागातले चर्च अजून त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८२३ मध्ये ते मायदेशी परतले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्यांनी लिहिले की भारतात ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराची आशा जवळजवळ संपली आहे. तीस वर्षे इथल्यासारखे कपडे घालून, इथले अन्न खाऊन काढलेल्या माणसाचा हा निष्कर्ष. त्यावर इतर मिशनरी खवळले. पण त्यांच्यानंतर आलेल्यांनी धर्मांतरापेक्षा शाळांवर भर दिला, हेही दिसते. १८५० मध्ये म्हैसूर हा स्वतंत्र धर्मविभाग झाला. त्याचे पहिले प्रमुख बिशप शार्बोनो यांनी शाळा काढल्या, स्थानिक पाद्री तयार करण्यावर जोर दिला आणि १८६१ मध्ये बंगळूरहून लॅटिन-कन्नड शब्दकोश छापून घेतला. शाळेआधी कोश, हा जुना क्रम त्यांनीही पाळला.

शाळा वाढल्या तसा विद्यार्थी बदलला. साष्टीतली मुले ख्रिस्ती होती, निदान तसे गृहीत होते. म्हैसूरच्या कॉन्व्हेंट शाळांत आली ती सरकारी नोकर, वकील, व्यापारी यांची मुले. बहुतेक हिंदू, काही मुसलमान, काही जैन. १९३३ मध्ये सेंट फिलोमिना चर्चच्या आजच्या भव्य इमारतीची कोनशिला महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी बसवली, यावरून त्या काळच्या सलोख्याची कल्पना येते. पण सलोखा असला तरी वेळापत्रकातला प्रश्न सुटत नाही. ज्या वर्गात बहुसंख्य मुले वेगळ्या धर्माची आहेत, तिथे धर्माच्या तासाला काय करायचे?

राज्यघटनेने याचे कायदेशीर उत्तर दिले. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही; मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणावर त्याची सक्ती करायची नाही, मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. हे कलम २८. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क, हे कलम ३०. या दोन कलमांमधून जो व्यवहार्य मार्ग निघाला तो आपल्यातल्या अनेकांनी बाकावर बसून अनुभवला आहे. मी म्हैसूरच्याच एका कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी. आठवड्यातून दोन तास वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुली कॅटेकिझमला दुसऱ्या खोलीत जायच्या, उरलेल्या आम्ही मॉरल सायन्सला बसायचो. आमच्या पुस्तकात प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा, मोठ्यांचा मान असे धडे होते. त्यांच्यात कोण्या जॉन किंवा मेरीने सापडलेले पाकीट परत केलेले असायचे. मधल्या सुट्टीत डबा खाताना मात्र खरी देवाणघेवाण व्हायची. योनाला माशाने गिळले हे मला एका मैत्रिणीने सांगितले आणि मी तिला मगरीने हत्तीचा पाय धरल्याची गोष्ट सांगितली. गजेंद्राने हाक मारल्यावर विष्णू धावला, मग योना माशाच्या पोटात असताना तुमचा देव तीन दिवस का थांबला, असे मी विचारले होते. तिने ते कॅटेकिझमच्या बाईंना विचारायचे ठरवले.

कॅथलिक जगात याच विषयावर मोठी घुसळण विसाव्या शतकात झाली. ऑस्ट्रियन जेझुइट योझेफ युंगमान यांनी १९३६ मध्ये असे मांडले की धर्मशिक्षण सुट्या प्रश्नोत्तरांत कोरडे पडले आहे. त्याच्या केंद्रस्थानी शुभवार्तेची कथा हवी. १९६० मध्ये जर्मनीतल्या आयश्टेट इथे मिशन प्रदेशांतल्या धर्मशिक्षणावर आंतरराष्ट्रीय अभ्याससप्ताह भरला आणि हा विचार आशिया-आफ्रिकेपर्यंत पोहोचला. पाठांतराच्या जागी तारणाचा इतिहास, म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची सलग कथा, असे त्याचे सूत्र होते. 'क्रिस्तपुराणा'ची रचना आठवून पाहा. पहिले पुराण सृष्टीपासून जुन्या कराराचे, दुसरे ख्रिस्ताच्या जीवनाचे. आयश्टेटला जे नवे ठरले ते राचोलच्या छापखान्यातून १६१६ मध्ये मराठी ओवीत बाहेर पडले होते.

भारतात या नव्या विचाराला आकार दिला तो फादर डी. एस. अमलोर्पवदास यांनी. पुदुच्चेरीकडचे हे तमिळ पाद्री पॅरिसमध्ये शिकले आणि १९६७ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना केंद्राचे संस्थापक-संचालक झाले. उपासनेत आरती, अंजली, जमिनीवर बैठक अशा भारतीय रीती आणायला १९६९ मध्ये रोमने परवानगी दिली, त्यामागे त्यांचे कष्ट होते. पुढे ते म्हैसूरला आले. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी अंजली आश्रम उभारला आणि म्हैसूर विद्यापीठात ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचा विभाग सुरू करण्यात पुढाकार घेतला. १९९० मध्ये ते अपघातात गेले. मला त्यांच्या कामातली ही दोन टोके महत्त्वाची वाटतात. आश्रमात श्रद्धेचे शिक्षण, विद्यापीठात श्रद्धेविषयीचे शिक्षण. पहिल्याला श्रद्धा लागते. दुसऱ्यात कोणीही बसू शकतो, प्रश्न विचारू शकतो. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असाच भेद केला. धर्माची दीक्षा देणारे शिक्षण वेगळे, आणि निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणारे शिक्षण वेगळे. घटनेला आक्षेप पहिल्यावर आहे.

शाळांनी मात्र या दुसऱ्या वाटेकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याऐवजी मॉरल सायन्सचे मूल्यशिक्षण झाले, पाकिटाच्या गोष्टीला चित्रे आली. २०२२ मध्ये बंगळूरमधल्या एका ख्रिस्ती शाळेच्या प्रवेशअर्जातल्या बायबलच्या अटीवरून गदारोळ उठला, आणि त्याच वर्षी शाळांच्या नीतिशिक्षणात भगवद्गीता आणण्याची चर्चा कर्नाटकात झाली. दोन्हीकडे भांडण ग्रंथ कोणता यावर होते. मुलाने त्या ग्रंथाला काही विचारले तर काय, हे कोणाच्याच योजनेत नव्हते. भीतीपोटी शाळा आणखी सपाट, आणखी निरुपद्रवी धडे निवडतात. म्हणजे एका खोलीत पाठ केलेली उत्तरे आणि दुसरीत कोणाचाच राग ओढवणार नाही असा उपदेश. दोन्ही खोल्यांत कथा नाही, म्हणून शंकाही नाही.

इतिहास हाताशी घेऊन योजना करायची तर मला तीन गोष्टी त्यातून दिसतात. एक, मुलांच्या घरातली भाषा आणि घरातल्या कथा वर्गात यायला हव्यात; स्टीफन्स आणि चिन्नामी यांनी भाषेपुरते हे ओळखले होते, कथांपुरते त्यांच्या काळाने ओळखले नाही. दोन, जे मुलांना स्वतः सांगता-गाता येईल ते शाळा संपल्यावर, प्रसंगी शाळा नष्ट झाल्यावरही उरते. श्रीरंगपट्टणची पंधरा वर्षे त्याला साक्षी आहेत. तीन, पुस्तकात नसलेला प्रश्न विचारायची मुभा हवी, आणि तो प्रश्न शिक्षकाला अडचणीचा असला तरी नोंदला जायला हवा.

कॅथलिक मुलींना त्यांचा कॅटेकिझमचा तास असावा, तो त्यांचा हक्कच आहे. पण आठवड्यातला एक तास दोन्ही खोल्या एकत्र बसवायला काय हरकत आहे? एकीने योना सांगावा, दुसरीने गजेंद्र, तिसरीने पैगंबर युनूस, कारण तोच मासा कुराणातही आहे. मग कोणीतरी विचारेलच की देव इतका वेळ का थांबतो. त्या तासासाठी शिक्षकांच्या हातात तयार उत्तर देऊ नये.